स्थानबद्ध, नजरकैदी की युद्धकैदी? युद्धकाळातल्या एका शब्दाचा अर्थ आणि मूळ

नांदेडच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे : दुसऱ्या महायुद्धातल्या आठवणींचं एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणताना 'इंटर्नमेंट' हा शब्द पानोपानी आडवा येतो. कोशात स्थानबद्धता, नजरकैद, अटक, बंदिवास असे चार शब्द मिळतात. आमच्याकडे मात्र 'स्थानबद्ध' म्हटलं की एमपीडीए या प्रतिबंधक कायद्याखाली हर्सूल कारागृहात पाठवलेला गुंड डोळ्यांपुढे येतो. मग घ्यावा कोणता, आणि मुळात हा शब्द आला कुठून?

आधी उत्तर, मग कारणं. शत्रुदेशाचे नागरिक आहेत एवढ्याच कारणानं ज्यांना गुन्हा न लावता, खटला न भरता, युद्ध चालू असेपर्यंत एका जागी राखून ठेवलं, त्यांच्यासाठी 'स्थानबद्ध' हाच शब्द घ्या. हर्सूलचा गुंड आठवतो म्हणून तो टाकून देऊ नका. मूळ परकीय शब्दाच्या पोटात जे आहे तेच याच्याही पोटात आहे, आणि असा जोड भाषांतरात क्वचित जमतो. मात्र संगणकावर एका फटक्यात सगळीकडे 'इंटर्नमेंट'च्या जागी 'स्थानबद्धता' घालू नका. तोच इंग्रजी शब्द पुस्तकाच्या एका पानावर एक अर्थ देतो आणि चार पानांनी दुसरा.

मुळापासून सुरुवात करू. लॅटिन 'इंतेर्नुस' म्हणजे आतला. त्यावरून फ्रेंचमध्ये 'अँतेर्न' हे विशेषण आणि 'अँतेर्ने' हे क्रियापद आलं. या क्रियापदाचा राजकीय अर्थ तुरुंगात टाकणं असा नव्हता. सीमेपलीकडून पळून आलेला माणूस सीमेजवळच राहिला तर तिथून पुन्हा कट करील, परत जाऊन लढेल, शेजारी राजाशी भांडण लावील. म्हणून त्याला देशाच्या आतल्या भागातलं एखादं गाव नेमून द्यायचं आणि तिथेच राहायला लावायचं, असा तो अर्थ. एकोणिसाव्या शतकात स्पेनमधल्या यादवीतून आणि पोलंडमधल्या उठावातून पळालेल्यांना फ्रान्सनं असंच आतल्या गावांमध्ये ठेवलं. 'आत' म्हणजे गजांच्या आत नव्हे, देशाच्या आत. हा फरक नीट धरून ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

या शब्दाला लष्करी वजन कसं आलं, ते १८७१ च्या एका घटनेत स्पष्ट दिसतं. फ्रान्स आणि प्रशिया यांच्या युद्धात हरलेली जनरल बूर्बाकी यांची फ्रेंच फौज, सुमारे ८७ हजार माणसं, १ फेब्रुवारी १८७१ पासून बर्फातून सीमा ओलांडून तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये शिरली. स्विस लोकांनी सीमेवरच त्यांची हत्यारं काढून घेतली आणि त्यांना देशभरच्या गावांमध्ये विभागून ठेवलं. शाळा, देवळं, गोदामं, जिथे छप्पर मिळालं तिथे. मार्चमध्ये ते परत गेले. हे सैनिक स्विसांचे कैदी नव्हते, कारण स्वित्झर्लंडचं त्यांच्याशी युद्धच नव्हतं. मोकळेही नव्हते, कारण मोकळे सोडले तर तटस्थपणा मोडला असता. या मधल्या अवस्थेला काहीतरी नाव हवं होतं, आणि ते 'आत ठेवणं' हेच पडलं. पुढे १८९९ आणि १९०७ च्या हेग परिषदांनी हाच रिवाज नियमात बसवला : तटस्थ देशानं आपल्या हद्दीत आलेल्या लढणाऱ्या फौजेला शक्यतो रणभूमीपासून दूर नेऊन ठेवावं. 'दूर' या अटीत जुना फ्रेंच अर्थ शाबूत आहे.

आता आपला शब्द पाहा. स्थान अधिक बद्ध, म्हणजे जागेला बांधलेला. यात तुरुंग नाही, बेडी नाही, कोठडी नाही. बांधलं आहे ते जागेशी. मराठीत या शब्दाचं सर्वांत ओळखीचं उदाहरण सावरकरांच्या रत्नागिरीचं. ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्यातून सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारणात पडायचं नाही या अटींवर, आणि ही बंधनं १९३७ च्या मे महिन्यात उठली. या तेरा वर्षांना मराठी माणूस 'रत्नागिरीची स्थानबद्धता' म्हणतो, कैद म्हणत नाही. जिल्हा नेमून दिलेला, पण त्या जिल्ह्यात घरसंसार, हिंडणंफिरणं चालू. फ्रेंच 'अँतेर्ने'चा जुना अर्थ मराठीत इतक्या नेमकेपणानं दुसऱ्या कुठल्या शब्दात उतरलेला नाही.

मग या दोन्ही शब्दांत तुरुंग शिरला कसा? इंग्रजी शब्दाच्या बाबतीत कारण सरळ आहे. पहिल्या महायुद्धात प्रत्येक देशात शत्रुदेशाचे हजारो व्यापारी, पाद्री, खलाशी, विद्यार्थी अडकले. प्रत्येकाला वेगळं गाव नेमून देणं आणि त्यावर पहारा ठेवणं परवडेना. तारेचं कुंपण घालून एकत्र ठेवणं स्वस्त पडलं. गाव गेलं आणि छावणी आली, शब्द मात्र तोच राहिला. हिंदुस्थानात अशी मोठी छावणी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला होती. बीडच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या या शहरात १९१४ नंतर जर्मन नागरिक आणि सैनिक असे दोन्ही प्रकारचे लोक ठेवले होते.

हिंदुस्थानात आणखी एक गोष्ट घडली. १९१५ च्या भारत संरक्षण कायद्याखाली सरकारनं हीच पद्धत शत्रुदेशीयांबरोबर स्वतःच्या प्रजेवरही चालवली. बंगालमधल्या शेकडो तरुणांना दूरच्या खेड्यात राहायला लावलं. बंगाली भाषेनं त्यासाठी 'अंतरीण' हा शब्द घडवला. त्यातलं 'अंतर' म्हणजे आतलं, आणि त्याला 'इंटर्न'चा नादही लागतो. हिंदी-उर्दूनं 'नजरबंद' घेतला. मराठीनं 'स्थानबद्ध' घेतला आणि जागेवर बोट ठेवलं. इंग्रजीत त्या वेळी जोडीनं चालणारा दुसरा शब्द होता 'एक्स्टर्नमेंट', म्हणजे बाहेर घालवणं. मराठीत त्याची जोडी आपोआप जुळली : स्थानबद्ध म्हणजे इथेच राहा, हद्दपार किंवा तडीपार म्हणजे इथे राहू नको. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली होणारी दोन वर्षांपर्यंतची तडीपारी ही त्या दुसऱ्या शब्दाची आजची पिढी.

स्वातंत्र्यानंतर मराठी कायदेभाषा घडवताना 'डिटेन्शन'ला शब्द हवा होता आणि हाताशी 'स्थानबद्धता' होता. राज्यघटनेच्या मराठी पाठात अनुच्छेद २२ च्या मथळ्यातच 'अटक व स्थानबद्धता' असे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. तिथून तो मिसा, रासुका या प्रतिबंधक कायद्यांत आणि १९८१ च्या एमपीडीएमध्ये उतरला. एमपीडीए म्हणजे झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांच्यासाठीचा कायदा. त्याखाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त आदेश काढतात, कारणं पाच दिवसांच्या आत कळवावी लागतात, प्रकरण तीन आठवड्यांत सल्लागार मंडळापुढे जातं, आणि जास्तीत जास्त बारा महिने ठेवता येतं. ठेवतात ते कारागृहात. म्हणून छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडच्या बातम्यांत 'एक वर्षासाठी हर्सूल कारागृहात स्थानबद्ध' असं वाक्य येतं. व्युत्पत्तीच्या दृष्टीनं शब्द ताणला आहे, पण चूक नाही, कारण या शब्दाचा खरा कणा तिथेही टिकून आहे : झालेल्या गुन्ह्याची ही शिक्षा नव्हे, पुढे काही करू नये म्हणून केलेली आडकाठी आहे.

हा कणा वाचकाच्या मनात उभा करणं हेच तुमच्या भाषांतराचं काम. 'अटक' या शब्दानं ते होत नाही. अटक म्हटलं की आरोप आला, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं आलं, जामीन आला, खटला आला. अनुच्छेद २२ मध्येच हे संरक्षण दोघांना नाकारलं आहे : शत्रुदेशीय व्यक्तीला, आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली असलेल्याला. म्हणजे घटनेनंही या दोघांना अटकेपासून वेगळं काढलं आहे. तेव्हा आठवणीत 'आम्हाला पोलीस घेऊन गेले' एवढंच असेल तर 'पकडून नेलं' लिहा, पुढच्या मुक्कामाला 'स्थानबद्ध' म्हणा. पहिल्या दिवसाची धरपकड आणि नंतरची चार वर्षं एकाच शब्दात कोंबू नका. 'बंदिवास' हा शब्द भावनेला चांगला आहे, कवितेत शोभतो, पण कायदेशीर अवस्था सांगत नाही. जिथे लेखक आपलं दुःख सांगतो तिथे तो जरूर वापरा.

आता खरा कसोटीचा भाग. एखाद्या पानावरचा माणूस स्थानबद्ध आहे की युद्धकैदी, हे ठरवताना इंग्रजी शब्दावर विसंबू नका. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या २१ व्या कलमात युद्धकैद्यांनाही 'इंटर्न' करता येतं असंच लिहिलं आहे. म्हणून माणसाकडे पाहा. पकडला गेला तेव्हा तो फौजेत होता का? असेल तर युद्धकैदी. त्याला शत्रूच्या हाती पडल्यावरही हुद्दा राहतो, अधिकाऱ्याखेरीज इतरांना कामाला लावता येतं, आणि प्रत्यक्ष लढाई थांबली की विनाविलंब परत पाठवावं लागतं. तो साधा नागरिक असेल तर स्थानबद्ध. त्याला चौथा जिनिव्हा करार लागू. सुरक्षेसाठी अगदीच अटळ असेल तरच ठेवायचं (कलम ४२), वर्षातून निदान दोनदा फेरविचार करायचा (कलम ४३), युद्धकैद्यांपासून आणि इतर कैद्यांपासून वेगळं ठेवायचं (कलम ८४), त्याच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचं नाही (कलम ९५), आणि ठेवण्याचं कारण संपलं की युद्ध संपण्याची वाट न पाहता सोडायचं (कलम १३२). याच कराराच्या ४२ व्या कलमात 'इंटर्नमेंट'च्या शेजारी 'नेमून दिलेल्या जागी राहायला लावणं' असा सौम्य पर्याय वेगळा दिला आहे. तो म्हणजे आपली रत्नागिरी. करारातलं कलम जसंच्या तसं मराठीत आणायचं असेल तेव्हा मात्र अडचण येते, कारण 'स्थानबद्ध' हा शब्द अक्षरशः या दुसऱ्या पर्यायाचा आहे. अशा वेळी पहिल्याला 'छावणीत स्थानबद्धता' आणि दुसऱ्याला 'नेमून दिलेल्या जागी वास्तव्य' असं फोडून लिहिणं मला सुरक्षित वाटतं.

एक सूचना : हा करार १९४९ चा आहे. तुमच्या पुस्तकातल्या १९४० किंवा १९४२ च्या छावणीतल्या माणसाला ही संरक्षणं लेखी स्वरूपात नव्हती. युद्धकैद्यांसाठी १९२९ चा करार होता, नागरिकांसाठी तसा पूर्ण करार नव्हता. तळटीप देताना काळ उलटासुलटा होऊ देऊ नका. ही चूक फार वेळा होते आणि वाचकाला वाटतं की छावणीवाले कायदा मोडत होते, प्रत्यक्षात कायदाच अजून झालेला नव्हता.

मराठवाड्याच्या इतिहासातून उदाहरण घेतलं की हे भेद हाताला लागतात. १९४८ चा सप्टेंबर घ्या. हैदराबादचे पंतप्रधान मीर लायक अली यांना भारतीय फौज आल्यावर त्यांच्या घरातच पहाऱ्यात ठेवलं. मार्च १९५० मध्ये ते तिथून निसटून पाकिस्तानात गेले. ही नजरकैद. रझाकारांचे प्रमुख कासिम रझवी हे लातूरचे वकील. त्यांच्यावर खटला चालला, शिक्षा झाली, ती भोगून १९५७ मध्ये ते बाहेर पडले आणि पाकिस्तानात गेले. हे शिक्षा झालेले कैदी, त्यांना स्थानबद्ध म्हणणं चूक. आणि शरण आलेले संस्थानी सैनिक? भारत सरकारनं या मोहिमेला युद्ध म्हटलं नाही, पोलीस कारवाई म्हटलं. म्हणून 'युद्धकैदी' हा शब्द वापरण्याआधी मूळ कागदात काय लिहिलं आहे ते पाहावं, नाहीतर 'शरण आलेले सैनिक' असं साधं लिहावं. लढाईला काय नाव दिलं यावरून माणसाच्या अवस्थेचं नाव ठरतं, हे इथे लख्ख दिसतं.

नजरकैद या शब्दात जागा महत्त्वाची नाही, डोळा महत्त्वाचा आहे. नजर आणि कैद दोन्ही अरबी, फारसीतून मराठीत आलेले. मान राखून, नोकरचाकर देऊन, पण सतत पहाऱ्यात ठेवलेला मोठा माणूस, हे त्याचं चित्र. १६६६ मधली शिवाजी महाराजांची आग्र्यातली अवस्था आपण नजरकैद म्हणतो ती याच अर्थानं. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर अबुल हसन कुतुबशहाला औरंगजेबानं देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात आणून ठेवलं, आणि तो तिथेच वारला. चिनी महाल पाहायला जाणारे आजही ती जागा पाहतात. त्याला नजरकैदी म्हणा किंवा स्थानबद्ध, दोन्ही बसतात, कारण पहाराही होता आणि जागाही ठरलेली होती. पण शाहू महाराजांचं उदाहरण वेगळं. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर ते आणि येसूबाई मोगलांच्या हाती लागले, आणि १७०७ मध्ये औरंगजेब वारेपर्यंत शाहू बादशाही छावणीबरोबर फिरत राहिले. छावणी आज इथे तर उद्या तिथे. त्यांना 'स्थानबद्ध' म्हणताच येत नाही, स्थानच नव्हतं. तिथे नजरकैद हाच शब्द. शंका आली की स्वतःला एवढंच विचारा : बांधलंय कशाला, जागेला की डोळ्याला?

भाषांतरात हमखास पाय घसरतो तो 'बंदी' या शब्दावर. हिंदीत 'युद्धबंदी' म्हणजे लढाईत पकडलेला सैनिक. मराठीत 'युद्धबंदी' वाचला की दारूबंदी, नाकाबंदी, संचारबंदी यांच्या चालीवर युद्ध थांबवणं असा अर्थ होतो. हिंदी बातमीवरून मराठी करताना 'युद्धबंदींची सुटका'चं 'युद्धबंदीनंतर सुटका' होऊन बसतं. पकडलेल्या सैनिकाला मराठीत युद्धकैदी म्हणा, लढाई थांबण्याला शस्त्रसंधी किंवा युद्धविराम. 'राजबंदी', 'मिसाबंदी' हे शब्द मात्र मराठीत माणसासाठीच रुळले आहेत, त्यांना हात लावायचं कारण नाही. दुसरा खड्डा 'नजरबंदी'चा. मराठवाड्यात उर्दूचा शेजार असल्यानं 'नजरबंद' शब्द कानाला परका नाही, निजामाचा सरकारी कारभारच उर्दूत होता. पण मराठी वाचकाला 'नजरबंदी' म्हणजे जादूगाराचा खेळ. 'त्यांची नजरबंदी झाली' असं लिहिलंत तर अर्थाचा विचका होईल. नजरकैद लिहा.

इंग्रजीच्या बाजूनंही दोन सापळे आहेत. 'इंटर्नमेंट'मधला एक न गळला की 'इंटरमेंट' होतं, आणि त्याचा अर्थ दफन. त्याचं मूळ वेगळं, लॅटिन 'तेरा' म्हणजे माती. जुन्या छापील पुस्तकाची स्कॅन प्रत वाचताना हा न हमखास पुसट असतो. दुसरा सापळा यंत्रभाषांतराचा. दवाखान्यातला इंटर्न डॉक्टर आणि छावणीतला इंटर्न झालेला माणूस यांचं मूळ एकच, 'आत राहणारा'. फ्रान्समध्ये रुग्णालयातच राहून काम करणाऱ्या डॉक्टरला 'अँतेर्न' म्हणत. त्यामुळे यंत्र स्थानबद्ध माणसाला बिनदिक्कत प्रशिक्षणार्थी करून टाकतं. पहिला खर्डा यंत्राकडून घेतला असेल तर हे शब्द एकेक करून तपासा.

छावणीचं प्रकरण अधिक नाजूक आहे, आणि इथे घाई केली तर इतिहासाशी अन्याय होतो. आपल्या भागात 'छावणी' म्हटलं की संभाजीनगरचा लष्करी भाग आठवतो, आणि दुष्काळाच्या सालात चारा छावणी. शब्द स्वतः निरुपद्रवी आहे. 'छळछावणी' हा मराठी शब्द मात्र नाझींच्या छावण्यांसाठी रूढ झाला आणि त्यानं वाचकाच्या मनात तेच चित्र कायम झालं. इंग्रजीतला 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प' त्याहून जुना. त्याचा अक्षरशः अर्थ विखुरलेल्या लोकांना एका ठिकाणी गोळा करणं. क्युबात १८९६ मध्ये स्पॅनिश सेनापती वेलर यांनी खेड्यापाड्यातल्या लोकांना असं गोळा केलं. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत १९०० ते १९०२ मध्ये ब्रिटिशांनी बोअर बायकामुलांना आणि वेगळ्या छावण्यांत कृष्णवर्णीय आफ्रिकींना ठेवलं. बोअर छावण्यांत सुमारे २८ हजार माणसं रोगराईनं आणि उपासमारीनं मेली, त्यांत बहुतेक मुलं. त्याच काळात पकडलेल्या बोअर सैनिकांपैकी काहींना हिंदुस्थानात पाठवलं, त्यांतले काही अहमदनगरला होते. म्हणजे नवरा इथे युद्धकैदी आणि बायकोमुलं तिकडे त्या छावणीत. एकाच घराला दोन शब्द लागतात. बोअर छावणीला मराठीत 'बंदिछावणी' म्हणावं आणि तिथल्या मृत्यूंची हकीकत वाक्यात सांगावी. 'छळछावणी' म्हटलं की वाचक थेट दाखाऊच्या नाझी छावणीत पोहोचतो, जी १९३३ च्या मार्चमध्ये उघडली. आणि त्रेब्लिंकासारख्या ठिकाणी माणसं ठेवायला नेतच नव्हते, मारायलाच नेत होते. तिथे 'छळछावणी' हा शब्दही अपुरा, 'मृत्युछावणी' म्हणायला हवं.

हा भेद का जपायचा? १९३८ नंतर जर्मनीतल्या छळछावणीतून देश सोडण्याच्या अटीवर सुटलेले काही ज्यू ब्रिटनला पोहोचले. १९४० मध्ये ब्रिटननं सुमारे २७ हजार शत्रुदेशीयांना स्थानबद्ध केलं, त्यांत हे ज्यूही आले, कारण त्यांच्या कागदावर 'जर्मन' लिहिलं होतं. त्या माणसाच्या आयुष्यात दोन छावण्या आल्या. दोन्हींना कुंपण होतं. पण एकीत जीव घेत होते, दुसरीत अविश्वासानं ठेवलं होतं. दोन्हींना एकच मराठी शब्द दिलात तर त्याची सगळी कहाणी सपाट होऊन जाते.

अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांविषयी लिहिताना अजून एक पायरी आहे. १९ फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर सुमारे १ लाख २० हजार लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवून आतल्या भागातल्या छावण्यांत ठेवलं. त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. 'इंटर्नमेंट' हा शब्द कायद्यानं शत्रुदेशीयांना लागतो, स्वतःच्या नागरिकाला नाही. म्हणून त्या समाजातले अनेक जण आता हा शब्द नाकारतात आणि सरळ 'तुरुंगवास' म्हणतात. त्या काळच्या सरकारी भाषेत तर याला 'स्थलांतर' म्हटलं होतं. लेखकानं कोणता शब्द निवडला आहे ते पाहून त्याच जातीचा मराठी शब्द द्या. सरकारी कागदातलं अवतरण असेल तर 'स्थलांतर केंद्र' असंच ठेवा, तो सौम्यपणा पुसू नका. वाचकाला तोही दिसला पाहिजे. आपल्याकडे १९६२ मध्ये चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवली इथे नेऊन ठेवलं, काहींना कित्येक वर्षं. त्यांतही भारतातच जन्मलेले होते. तीच काळजी तिथेही घ्यावी.

देवलीवरून आठवलं. हे टोंक जिल्ह्यातलं गाव. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठीत ते 'देवळी' होतं आणि वाचक वर्ध्याला जातो, किंवा 'देवळाली' होतं आणि नाशिकला. देवलीच्या छावणीत १९४०-४१ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासारखे राजबंदी होते, पुढे मलाया-सिंगापूरकडून आणलेले जपानी नागरिक आले, आणि १९६२ मध्ये चिनी वंशाचे लोक. एकाच कुंपणात तीन काळचे तीन प्रकार. तुमच्या पुस्तकात जर्मन किंवा इटालियन नागरिक असतील तर त्यांची मोठी छावणी डेहराडूनजवळ प्रेमनगरला होती. १९७१ च्या युद्धानंतरच्या सुमारे ९३ हजार पाकिस्तानी लोकांना आपण सरसकट युद्धकैदी म्हणतो, पण त्यांत काही हजार नागरिकही होते, आणि १९७३ च्या दिल्ली कराराच्या भाषेत 'युद्धकैदी आणि स्थानबद्ध नागरिक' असे दोन गट वेगळे आहेत. तो वेगळेपणा मराठीतही राखा.

लेखनाबद्दल एकच, पण महत्त्वाचं. 'स्थानबध्द' हे चूक, 'स्थानबद्ध' हे बरोबर. बन्ध् या धातूला त लागला की न् गळतो आणि संधीनं द् आणि ध होतात, म्हणून आधी द, मग ध. युद्ध, शुद्ध, बुद्ध यांचंही तसंच. कळफलकावर द, हलन्त, ध या क्रमानं टाइप करा. जुन्या फाँटांत जोडाक्षर उलट दिसायचं आणि तिथून ही चूक सरकारी पत्रकांपर्यंत पसरली. व्यक्तीसाठी 'स्थानबद्ध' हे नाम म्हणून चालतं ('छावणीतले स्थानबद्ध'), पण एकवचनात अडखळल्यासारखं होतं, तिथे 'स्थानबद्ध व्यक्ती' लिहा. 'स्थानबद्धित' असं काही लिहू नका, बद्ध हेच मुळात कर्मणी रूप आहे. आणि पुस्तकात हा शब्द पहिल्यांदा येईल तिथे 'युद्धकाळात स्थानबद्ध' किंवा 'शत्रुदेशीय म्हणून स्थानबद्ध' असं एकदा पूर्ण लिहा. हर्सूलचं चित्र तिथेच पुसलं जातं, पुढे नुसता शब्द पुरतो.

परिशिष्टात मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांची माहिती जोडणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. १९३९ चा भारत संरक्षण कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. निजामाच्या हद्दीत पकडलेल्या माणसाला 'डीआयआरखाली (भारत संरक्षण नियमांखाली) स्थानबद्ध' असं सवयीनं लिहू नका, त्याच्या वॉरंटवर जे कलम आहे तेच द्या. वॉरंटवरची तारीख फसली सनात, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेत असते. हैदराबादचं फसली वर्ष आजूर महिन्यानं, साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतं आणि आबानला संपतं. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. आजूरच्या सुरुवातीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या तारखेला ५९१. सरसकट ५९० मिळवले तर आबान १३५७ मध्ये सुटलेला माणूस १९४७ मध्येच सुटला असं छापलं जातं, म्हणजे पोलीस कारवाईच्या वर्षभर आधी.